घोरणे आणि उशाची उशी



"मालक कसे ढाराढूर झोपलेत, घोरणं पार गोठ्यापर्यंत ऐकू येतंय," असे आपण हसत म्हणतो. पण घोरणे ही गाढ झोपेची खूण नव्हे. श्वासाची वाट अरुंद झाल्याची ती खूण आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणे झोपले की जीभ मागे सरकते. उरलेल्या फटीतून हवा जोराने जाते, टाळूचा मऊ भाग व पडजीभ थरथरते आणि आवाज होतो. पाटाचे दार अर्धे मिटले की पाणी खळाळते, तसेच हे.

आता उशीचे पाहू. पुष्कळांना दोन उशा एकावर एक घेण्याची सवय असते. त्याने हनुवटी छातीकडे वाकते आणि रबरी नळी दुमडावी तशी घशाची वाट दबते. म्हणून उशी निवडताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कुशीवर झोपणे सर्वांत चांगले. त्या वेळी मान आणि खांद्याचे टोक यांतले अंतर भरून निघेल एवढी उशी हवी. बहुतेकांना दाबल्यावर ४ ते ६ इंच पुरते. घरच्यांना पाठीमागून बघायला सांगा. डोके, मान व पाठीचा कणा एका रेषेत आला की उशी बरोबर.

२) जमिनीवर किंवा कडक बाजेवर झोपणाऱ्यास उशी थोडी उंच लागते. मऊ गादीत खांदा रुततो, तेथे कमी उंच पुरते.

३) उताणेच झोपत असाल तर पातळ उशी घ्या. हनुवटी छातीला टेकू नये, तशी आढ्याकडेही जाऊ नये.

४) कापसाची उशी कालांतराने दबते, तिच्यात गोळे होतात. ती पिंजून घ्यावी, उन्हात टाकावी, अभ्रा आठवड्याला धुवावा. धुळीने नाक चोंदते, तोंडाने श्वास सुरू होतो आणि घोरणे वाढते.

"घोरणे हमखास बंद" अशा जाहिरातीच्या महाग उशीला भुलू नका. मान सरळ ठेवणे आणि कुशीवर टिकवणे, एवढेच उशीचे काम. त्यासाठी पाठीशी लोड लावा, किंवा जुन्या बंडीला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवा. उताणे वळले की तो टोचतो. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवल्यानेही काहींना आराम पडतो. वजन उतरवणे, तंबाखू सोडणे व दारू टाळणे हे उपाय तर उशीहून मोठे.

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. घोरता घोरता श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मग माणूस गुदमरल्यासारखा दचकतो आणि पुन्हा घोरू लागतो. असे रात्रभर वरचेवर होत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया हा आजार असू शकतो. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, औषध घेऊनही रक्तदाब न उतरणे ही त्याची लक्षणे. हा उशीने बरा होत नाही. डॉक्टर झोपेची तपासणी करतात व गरज पडल्यास हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र देतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ साली जगापुढे मांडली. सल्ल्याशिवाय झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.

गळीत हंगामात आपले ट्रॅक्टर रात्री-अपरात्री भरल्या ट्रॉल्या ओढतात. ज्याची झोप रात्रभर तुटते, त्याचा स्टिअरिंगवर क्षणभर डोळा लागला तरी घात होतो; त्याचा आणि समोरून येणाऱ्याचाही.

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ठाऊक नसते. ते घरच्या लक्ष्मीला ठाऊक असते. तेव्हा आज रात्री उशी तपासा आणि उद्या सकाळी तिला एवढेच विचारा, "झोपेत माझा श्वास अडकतो का गं?" ती हो म्हणाली, तर उसाच्या खेपा दोन दिवस थांबल्या तरी चालतील, आधी दवाखाना गाठा.