बारवीचं पाणी आणि जांभळाखालची माती

उल्हासनगर-अंबरनाथमध्ये नळाला येणारं बरंचसं पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं असतं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं, मग एमआयडीसी ते उपसून जांभूळ गावच्या केंद्रात शुद्ध करते. पण पाऊस पडल्यापासून धरणात येईपर्यंत त्याची व्यवस्था आजूबाजूच्या डोंगरांवरचं साग-ऐन-पळसाचं रान बघतं.

ती कशी, हे कळायला डोंगर चढायला नको. जुलैच्या सरीत एखाद्या जुन्या जांभळाखाली उभे राहा. सुरुवातीची काही मिनिटं तुम्ही जवळजवळ कोरडे असता. पाणी आधी पानांवर अडतं, मग फांद्या-बुंध्यावरून ओघळतं. सर थांबली तरी झाड गळतच राहतं. आता पाचोळा बाजूला सारा. खालची माती काळसर, भुसभुशीत, गांडुळांनी पोखरलेली. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर तिथल्या तिथे मुरतं. तेच शेजारच्या तुडवलेल्या मुरमावर ओता, गढूळ होऊन उताराला लागतं. रानात कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात. त्यांतून पाणी कातळाच्या भेगांत उतरतं आणि सावकाश झऱ्यांना लागतं. उघड्या उतारावरून मात्र मातीही वाहून येते आणि धरणात गाळ होऊन बसते.

झाडं पूर थोपवतात, असं सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. तसल्या पावसात माती एकदा तुडुंब भरली की रानाचाही इलाज चालत नाही. रोजच्या पावसात मात्र चालतो.

उल्हासनगरात अडचण निराळी. सुमारे 13 चौरस किलोमीटरांत 2011 च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसं, म्हणजे मातीच दुर्मीळ. तिथे रस्त्याकडेचा वड-पिंपळ उन्हाळ्यात दुहेरी उपयोगी: सावलीने डांबर तापू देत नाही आणि पानांतून वाफ सोडून भोवतालची हवा थोडी निववतो. त्यासाठी मुळांना पाणी हवं, आणि नेमकी बुंध्याभोवतीची मातीच आपण सिमेंटने लिंपतो. पन्नास वर्षांवरच्या झाडांना 2021 पासून राज्याच्या कायद्यात वारसा वृक्षाचं संरक्षण आहे, पण लिंपणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड दिसत नाही, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. तुमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकचं काम निघालं, तर बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवायला सांगा.