इंटरनेटचा वेग आणि मालाची पोच

आमची पेढी तळमजल्यावर आणि बिऱ्हाड माडीवर. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्यासारख्या जुन्या घरांची हीच रीत आहे. साहजिकच इंटरनेटची जोडणीही एकच, आणि तिच्यावरच नातवंडांचा अभ्यास, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, गोदामाची राखण आणि बाजार समितीच्या ऑनलाइन निविदा, असा सर्व भार. गतवर्षी ज्वारीच्या हंगामात निविदेची मुदत संपण्यास चार मिनिटे उरली असता आम्ही भाव भरला, कळ दाबली, आणि पडद्यावरील चक्र फिरतच राहिले. मुदत टळली. एकशेवीस पोत्यांचा तो ढीग आम्ही सकाळी दाणा तळहातावर घेऊन पारखला होता, आणि एका जुन्या गिऱ्हाइकास तो देण्याचा शब्दही दिला होता. शब्द राखण्यासाठी पुढे चढ्या भावाने माल घ्यावा लागला.

कमी पडले की अधिक मागवावे, हा व्यापाऱ्याचा स्वभाव होय. आम्ही ४० मेगाबिटची योजना सोडून १०० मेगाबिटची घेतली. भाडे वाढले, दुपारचा खोळंबा मात्र होता तसाच राहिला. शिवाय फाइल उतरवून घेताना आकडा बाराच्या वर जाईना, तेव्हा मापात मारले जात असल्याचा संशय आम्हांस आला. येथे चूक आमचीच होती. कंपनी वेग मोजते मेगाबिटमध्ये आणि फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर शेर-मण सोडून किलो-क्विंटल धरताना आमच्या तीर्थरूपांचा जो गोंधळ उडाला, तोच उतारवयात आमचा उडाला!

दिवाळीस नातू आला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने प्रथम योजनेची पावती मागितली आणि बारीक अक्षरांतील एका ओळीवर बोट ठेवले. उतरता वेग ४० चा १०० झाला होता, परंतु चढता वेग, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाण्याचा, दोन्ही योजनांत ५ मेगाबिटच होता. ‘‘आजोबा, तुम्ही आवक वाढवलीत, पण पोच जायचा बोळ तेवढाच राहिला,’’ तो म्हणाला.

हा पोचेचा विषय व्यापारी बंधूंनी समजून घेण्याजोगा आहे. इंटरनेटवर माल एकदम येत नाही. लहान लहान पुड्यांनी येतो. काही पुडे आले की आपले यंत्र पोच पाठविते, आणि ती पोच पोहोचल्यावरच पुढील माल सुटतो. पोच रखडली की पाठविणारा हात आखडता घेतो. आता आमच्या गोदामात चार कॅमेरे आहेत, आणि ते दिवसभर आपली चित्रे दूरच्या साठवणुकीकडे पाठवीत असतात. पाच मेगाबिटचा तो बोळ त्यांनीच भरून टाकला होता. आमच्या पोचपावत्या आणि आमची ती निविदा त्यांच्यामागे रांगेत उभी! नातवाने मोजून दाखविले : कॅमेरे बंद असता एका फेरीस वीस सहस्रांश सेकंद, चालू असता नऊशे.

रोग जुनाच आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कली विद्यापीठ यांच्यामधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. अंतर अवघे चारशे यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा शोध घेऊन १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला : पोच येण्याचे मान पाहून माल सोडावा. पुढे राऊटरमधील रांगेची जागाच इतकी मोठी झाली की पुडे गळून न पडता तिष्ठत राहू लागले, आणि गर्दीची सूचनाच उशिरा मिळू लागली. त्यावर याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये रांग आखूड ठेवण्याची युक्ती दिली. ती चांगल्या राऊटरमध्ये आता असते. मौज अशी की ती लागू करण्यासाठी आपला वेग मार्गाच्या क्षमतेहून थोडा कमी, सुमारे ९० टक्के, बांधून घ्यावा लागतो. म्हणजे रांग कंपनीच्या दारात न लागता आपल्या दारात लागते, आणि तिची व्यवस्था आपल्या हाती राहते. आम्ही चढता वेग साडेचारवर बांधला आणि कॅमेऱ्यांची साठवण गोदामातील पेटीतच ठेवली.

वडोदऱ्याच्या एका स्नेह्यांनी विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलण्याची लांबलचक यादी धाडली होती. ती एके काळी खरी होती. पोचेविना किती माल स्वीकारू, ही यंत्राची जुनी मर्यादा ६४ किलोबाइट. जाण्या-येण्यास सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर त्यातून सुमारे पाच मेगाबिटच निघतात. ती वाढविण्याचा नियम १९९२ मध्ये ठरला, आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून यंत्र हे मान स्वतःच जुळविते. तेथे हात घालू नये. विंडोज २० टक्के वेग दडवून ठेवते ही तर निव्वळ वावडी होय. डीएनएस बदलल्याने पान उघडण्यास किंचित लवकर प्रारंभ होईल. फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही.

राहिली वाय-फायची गोष्ट. आमचा राऊटर लोखंडी तिजोरीमागे ठेवलेला होता, कारण तेथे तो सुरक्षित वाटे! लोखंडातून रेडिओलहरी जात नाहीत, हे शाळेत शिकूनही आम्ही विसरलो होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण तेथे सर्व पेठेची गर्दी; वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी असेल ती धरावी. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, परंतु आमच्या दीड हात जाडीच्या भिंतींपुढे त्याचे काही चालेना. अखेर माडीवरून पेढीच्या मेजापर्यंत सरळ तार ओढली.

यंदाच्या हंगामात एकही निविदा अडली नाही, आणि महिन्याभरात आम्ही ४० ची योजना पुन्हा घेतली. तारेसाठी दिवाणखान्याच्या भिंतीस पाडलेले छिद्र मात्र आमच्या घरच्या मंडळींस अद्याप मान्य झालेले नाही.