संमती : लेखांक 6 – कळणं आणि ठरवणं

आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या. तीन पानं, बारीक छापील इंग्रजी, सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. कागद दिला तो आतेभावाच्या हातात. तो पेन शोधत होता, तेवढ्यात आत्या उशीला टेकून बसली. "आधी मला वाचून दाखव." त्याने जमेल तसं मराठीत सांगितलं : दुर्बिणीतून करणार, पण अडचण आली तर पोट उघडावं लागेल. "उघडलं तर किती दिवस पडून राहायचं?" हे तिने राउंडवर आलेल्या डॉक्टरांनाही विचारलं. सगळं ऐकून सही केली आणि मुलाला म्हणाली, "आत काही वेगळं निघालं तर तू आणि डॉक्टर मिळून ठरवा. पण नंतर मला सगळं सांगायचं. लपवायचं नाही."

माणसांवरच्या प्रयोगांबाबतच्या न्यूरेंबर्गच्या 1947च्या संहितेबद्दल आपण मागे वाचलं. तिथे प्रश्न जबरदस्तीचा होता. आजचा प्रश्न वेगळा आहे : माणसाला मोकळेपणाने विचारलं, तर त्याला नेमकं काय हवं असतं? आत्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कळायला सगळं हवं, ठरवण्यातलं थोडं दुसऱ्यावर सोपवायचं. 1989 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासातही हेच दिसलं. रुग्णांना माहिती भरपूर हवी होती, निर्णय स्वतः घेण्याची ओढ मात्र कमी होती. आजार जितका गंभीर, तितकी ती आणखी कमी. घाबरलेल्या, थकलेल्या माणसाला आपलं कुणीतरी सोबत ठरवायला हवं असतं, यात मला कमीपणा दिसत नाही.

मग अडचण कुठे येते? रुग्णाला काय हवं ते दुसऱ्यांनीच गृहीत धरण्यात. शिकागोत 1961 साली सुमारे 90 टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. 1979च्या दुसऱ्या एका पाहणीत 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत डॉक्टर बदलले, पण लोक सगळे एकसारखे नव्हते. 1995 साली लॉस एंजेलिसमध्ये 800 वृद्धांना विचारलं, पसरलेला कॅन्सर असेल तर रुग्णाला सांगावं का? युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांनी हो म्हटलं, कोरियन वंशाच्या 47 टक्के लोकांनी. कोरियन घरांत हे कुटुंबाने पेलायचं असतं, असा निष्कर्ष यातून पटकन काढता येईल. पण जवळजवळ अर्ध्यांना रुग्णाला सांगायला हवंच होतं! समोरचा माणूस कुठल्या अर्ध्यातला, हे त्याच्या आडनावावरून कळत नाही. आपल्याकडे "पेशंटला काही बोलू नका हं" असं दाराबाहेर कुजबुजणारी माणसं मायेनेच बोलतात. फक्त पेशंटला कुणी विचारलेलं नसतं.

सर्वोच्च न्यायालयाचा 2008चा निकाल इथे वाचावा. 1995 साली दिल्लीत 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. न्यायालयाने म्हटलं : तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, रुग्ण सज्ञान आहे, जीवावर बेतलेलं नाही, तर आईची सही चालणार नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आत्यानेही निर्णय मुलावर सोपवला होता, पण तो तिने स्वतः, शुद्धीत असताना. त्या स्त्रीने कुणावरच काही सोपवलं नव्हतं.

मात्र धोके किती सांगायचे, याचं माप त्याच निकालाने डॉक्टरांच्या रूढ पद्धतीवर ठेवलं. हे मला अपुरं वाटतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली समोरच्या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, हे माप धरलं. पडून राहायच्या दिवसांचा आत्याचा प्रश्न त्यातलाच. कारण घरी अंथरुणाला खिळलेले काका होते.

संशोधनात तर ज्याचं त्याला विचारण्याची ही काळजी आणखी हवी, कारण तिथे भाग घेणाऱ्याला स्वतःला फायदा होईलच असं नसतं. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गावच्या प्रमुखाने परवानगी दिली, तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यावी लागते.

आत्याचं ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. डॉक्टर खड्यांची बाटली घेऊन बाहेर आले आणि आतेभावाला समजावू लागले. तो म्हणाला, "डॉक्टर, ती जागी झाली की तिलाच सांगाल का? मी ऐकतो शेजारी उभा राहून."