दादीला पाच शब्द आठवले नाहीत. पण का?

शहागंजच्या घंटाघराजवळ राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका दादींचा विसराळूपणा वाढला, म्हणून घरच्यांनी त्यांना तपासणीला नेलं. मराठीत प्रश्न आला, "आज तारीख काय?" दादी म्हणाल्या, "रजब की बारह." तारीख बरोबर होती, पण कागदावर चूक लिहिली गेली. सोबत गेलेला नातू गप्प बसला. नेमकं तिथेच बोलायला हवं होतं.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा एकच आजार नाही. त्याचे प्रकार आहेत आणि प्रकार बदलला की औषधं आणि काळजीही बदलते. १९७५ मध्ये अमेरिकेत 'एमएमएसई' ही छोटी चाचणी आली, २००५ मध्ये कॅनडाच्या डॉ. झियाद नसरेद्दीन यांची 'मोका' आली. दोन्ही ३० गुणांच्या. आम्ही शिक्षक पालकांना नेहमी सांगतो, नुसते गुण बघू नका, मूल कुठे चुकलं ते बघा. इथेही तेच आहे.

समजा पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. "त्यात एक फूल होतं ना?" असा इशारा देऊनही काहीच आठवलं नाही, तर शब्द मेंदूत साठलेच नाहीत. अल्झायमरमध्ये बहुधा असं दिसतं. इशारा देताच आठवलं, पण एकूण कामच मंदावलंय, लक्ष टिकत नाही, असं असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं, खासकरून बीपी-शुगर असलेल्यांत. लेवी बॉडी प्रकारात सुरुवातीला आठवण बरी असते, पण घड्याळ काढताना काटे भलतीकडे जातात. घरात नसलेली माणसं दिसतात, चाल आखडते. अशा रुग्णाला भास थांबवायची काही औषधं फार त्रासदायक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना हे आधीच सांगा. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आधी स्वभाव किंवा बोलणं बिघडतं, एमएमएसईचे गुण मात्र चांगले येऊ शकतात.

केंब्रिजमध्ये काम करताना भारतीय डॉक्टर पी. एस. मथुरानाथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १०० गुणांची 'एसीई' चाचणी मांडली. भाषेचे गुण एकीकडे, आठवण आणि स्थळकाळाचं भान दुसरीकडे ठेवून अल्झायमर आणि फ्रंटोटेम्पोरल यांत फरक करता येतो का, हे त्यांनी पाहिलं.

आता शाळेत न गेलेल्यांचा प्रश्न. शंभरातून सात-सात वजा करणं आमच्या नववीच्या मुलांनाही जड जातं! हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदी चाचणी तयार झाली, तेव्हा त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. आपल्या घरांत दखनी बोलली जाते. अम्मी हिशोब उर्दूत करत असतील तर प्रश्नही उर्दूतच विचारायला सांगा.

तपासणीला जाताना चष्मा आणि कानाचं यंत्र न्या. शिक्षण किती, बदल कधीपासून, हळूहळू की अचानक, औषधं कोणती, हे कागदावर लिहून न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड आणि उदासीनता यांनीही माणूस विसरतो, आणि त्यांवर इलाज आहे. म्हणून रक्ततपासणी आणि गरज पडल्यास स्कॅन होईपर्यंत घरात 'अल्झायमर' हा शब्द पक्का करू नका. त्या दादींची चाचणी पुढे उर्दूत पुन्हा झाली. या वेळी नातू बोलला.