घटक ४ : स्थिर शुल्क की बदलते शुल्क? – अनिश्चिततेतील एका निर्णयाचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
- स्थिर आणि बदलत्या शिक्षणशुल्कातील मूलभूत फरक स्पष्ट करता येईल.
- दोन योजनांची तुलना साध्या आकडेमोडीने करता येईल.
- असा निर्णय घेताना आकड्यांबरोबर कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गृहकर्ज घेताना व्याजदर स्थिर घ्यावा की बदलता, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी चर्चिला गेला असेल. अमेरिकेतील टेक्सास राज्यात हाच प्रश्न महाविद्यालयीन शुल्काबाबत विचारला जातो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने ठरवायचे असते : पहिल्या दिवशीचा दर पुढेही कायम ठेवायचा, की दरवर्षी जो दर ठरेल तो भरायचा? ह्यूस्टन आणि डॅलस परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही मुलांच्या प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न सोडवावा लागतो. आर्थिक निर्णयप्रक्रियेचा नमुना म्हणून त्याचा अभ्यास उपयुक्त आहे.

४.२ योजनांची पार्श्वभूमी

२००३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने शुल्कावरील आपले थेट नियंत्रण बऱ्याच अंशी सैल केले आणि शुल्काचा मोठा भाग ठरविण्याचा अधिकार सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळांकडे गेला. त्यानंतर शुल्क वाढत गेले आणि पालकांसमोर नवी अडचण उभी राहिली. पहिल्या वर्षाचा खर्च माहीत असे. चौथ्या वर्षाचा मात्र सांगता येत नसे. यावर उपाय म्हणून २०१३ साली कायदा झाला आणि राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी नव्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना स्थिर शुल्काचा पर्याय देणे बंधनकारक ठरले. हा दर पहिल्या १२ सलग सत्रांसाठी टिकतो. उन्हाळी सत्रही मोजले, तर हा काळ चार वर्षांचा होतो.

इलिनॉय राज्याने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे २००३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याचा दर चार वर्षे स्थिरच राहतो. तेथे निवड करावी लागत नाही. टेक्सासमध्ये निवडीची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते.

४.३ स्थिर दराचे खरे स्वरूप

स्थिर दर पहिल्या वर्षी सामान्यतः बदलत्या दराहून काहीसा जास्त असतो. याचे कारण उघड आहे. पुढील वर्षांत खर्च वाढला, तर तो विद्यापीठाला सोसावा लागणार असतो. त्या जोखमीची किंमत ते आधीच आकारते. म्हणून हा जास्तीचा भाग विम्याच्या हप्त्यासारखा समजावा. विमा घेणारा मनुष्य नफ्यासाठी हप्ता भरत नाही, अचानक येणाऱ्या ओझ्यापासून संरक्षण मिळावे म्हणून भरतो.

४.४ आकडेमोड

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बदलता दर पहिल्या वर्षी १०,००० डॉलर आहे, तर स्थिर दर १०,६०० डॉलर. बदलता दर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असे मानू.

| वर्ष | बदलता दर | स्थिर दर | बदलता : आजवर एकूण | स्थिर : आजवर एकूण |
|---|---|---|---|---|
| १ | १०,००० | १०,६०० | १०,००० | १०,६०० |
| २ | १०,५०० | १०,६०० | २०,५०० | २१,२०० |
| ३ | ११,०२५ | १०,६०० | ३१,५२५ | ३१,८०० |
| ४ | ११,५७६ | १०,६०० | ४३,१०१ | ४२,४०० |

चार वर्षांअखेर स्थिर योजनेत ७०१ डॉलर वाचतात. वाढ ३ टक्केच झाली, तर बदलत्या योजनेचा एकूण खर्च सुमारे ४१,८३६ डॉलर होतो आणि स्थिर योजना ५६४ डॉलरने महाग पडते. वाढ ४ टक्क्यांच्या किंचित खाली असेल, तर दोन्ही योजना जवळजवळ सारख्याच ठरतात.

आता तक्त्यातील शेवटचे दोन स्तंभ पुन्हा पाहा. वाढ ५ टक्के असूनही तिसऱ्या वर्षाअखेर स्थिर योजना महागच आहे. तिचा फायदा केवळ चौथ्या वर्षी पदरात पडतो. याचा अर्थ असा की, ज्या विद्यार्थ्याने शुल्कवाढीचा अंदाज अचूक बांधला, पण तिसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडले किंवा दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतली, तो २७५ डॉलरने तोट्यात जातो. म्हणून ‘शुल्क किती वाढेल?’ याच्याही आधी ‘मी येथे किती काळ टिकेन?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

४.५ अंदाजाच्या मर्यादा

मागील वर्षांच्या वाढीवरून पुढील वाढ निश्चित सांगता येत नाही, कारण शुल्क राज्याच्या अनुदानावर आणि राजकीय निर्णयांवरही अवलंबून असते. टेक्सासमध्ये २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांसाठी सार्वजनिक विद्यापीठांत राज्यातील रहिवासी पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे शुल्क गोठवले गेले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी २०२५-२६ आणि २०२६-२७ साठीही वाढीस मान्यता देणार नसल्याचे जाहीर केले. २०२३ साली प्रवेश घेणाऱ्यास या दुसऱ्या निर्णयाची कल्पना असणे शक्य नव्हते. जेथे स्थिर दर अधिक होता, तेथे त्याने भरलेला जास्तीचा पैसा परत मिळण्याची आशा मावळली. तरीही त्याची निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही. घराला आग लागली नाही, म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असे आपण म्हणत नाही.

४.६ प्रौढ विद्यार्थ्याची परिस्थिती

आपण स्वतः नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकत आहात. एखादे सत्र आजारपणात जाते, एखादे बदलीत, तर एखादे घरातील लग्नकार्यात, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. टेक्सासमध्ये स्थिर दराची मुदत सलग सत्रांनी मोजली जाते. पूर्ण केलेल्या श्रेयांकांनी नव्हे. थोडेथोडे श्रेयांक घेत सात-आठ वर्षांत पदवी मिळवणाऱ्याचे संरक्षण अर्ध्या वाटेवरच संपते. शिवाय ‘स्थिर’ हा शब्द केवळ शिक्षणशुल्काला लागू होतो. निवास, भोजन, पुस्तके आणि प्रवास यांचा खर्च वाढतच राहतो.

म्हणून निवड करताना तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत :
१. पदवी ठरलेल्या मुदतीत, याच संस्थेत पूर्ण होण्याची कितपत शक्यता आहे?
२. किती टक्के वाढीला दोन्ही योजना समान ठरतात?
३. शुल्क अनपेक्षितपणे वाढले, तर शिक्षण थांबवावे लागेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल आणि पहिल्याबाबत खात्री असेल, तर थोडा जास्त खर्च सोसूनही स्थिर दर योग्य ठरतो. कारण अशा कुटुंबासाठी काहीशे डॉलरच्या फरकापेक्षा पदवी पूर्ण होणे अधिक मोलाचे असते. ज्याच्याजवळ गंगाजळी आहे किंवा ज्याचे भवितव्य अजून अनिश्चित आहे, त्याने बदलता दर निवडणे शहाणपणाचे.

४.७ सारांश

स्थिर आणि बदलते शुल्क यांतील निवड ही मुख्यतः जोखीम कोणी उचलावी याची निवड आहे. आकडेमोड समान ठरणारा दर दाखवते. मात्र निर्णयाचे वजन आपल्या शिक्षणाची मुदत आणि आपली सोसण्याची ताकद यांवर ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. स्थिर दरातील जास्तीच्या रकमेला विम्याचा हप्ता का म्हटले आहे?
२. वरील उदाहरणात बदलता दर पहिली तीन वर्षे १०,००० डॉलर राहून चौथ्या वर्षी १०,५०० झाला, तर कोणती योजना किती रकमेने स्वस्त ठरेल?

उत्तरे

१. भावी शुल्कवाढीची जोखीम विद्यापीठाकडे सोपविण्याची ती किंमत असल्यामुळे.
२. बदलती योजना, १,९०० डॉलरने.