शेवटचा एक सेंटिमीटर : भातखाचराच्या निचऱ्यामागील गणित

भातावर सुरळीतील अळी दिसली की खाचरातील पाणी काढून टाकावे, असा सल्ला आपण सर्वच कीटकशास्त्रज्ञ देतो. तपकिरी तुडतुड्यांसाठीही तीन-चार दिवस पाणी उतरवून ठेवण्याची शिफारस आहे. हे वाक्य मी स्वतः अनेक घडीपत्रिकांत लिहिले आहे. ते अमलात आणताना पाण्याचे काय होते, याचा विचार मात्र फार उशिरा केला.

निमित्त घडले एका सखल भागातील वीस गुंठ्यांच्या खाचरात. अळीचा प्रादुर्भाव स्पष्ट होता. पाने शिडीसारखी खरवडलेली होती आणि पानांच्या सुरळ्या पाण्यावर तरंगत होत्या. माझ्या सांगण्यावरून शेतकऱ्याने सायंकाळी पाच वाजता बांधाला फावडेभर रुंदीची खाच पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही गेलो, तेव्हा खाचरात बोटभर पाणी होतेच आणि अळ्याही जिवंत होत्या. “साहेब, रात्रभर पाणी वाहतंय,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. चूक माझ्या अपुऱ्या सल्ल्यात होती.

मुक्त पृष्ठभागाचा प्रवाह

बंद नळातील पाण्याला नळाचा आकार सोडता येत नाही. खाचर, पाट, ओढा यांतील पाण्याचा वरचा पृष्ठभाग मात्र हवेला मोकळा असतो. तेथे पाणी किती खोल आहे यावर ते किती वेगाने जाईल हे ठरते, आणि ते किती वेगाने जाते यावर पुढची खोली ठरते. खोली आणि वेग यांचा हा परस्परसंबंध फ्रेंच अभियंते सँ-व्हनाँ यांनी 1871 मध्ये समीकरणांत मांडला. कालव्यांतील प्रवाह आणि नद्यांचे पूर यांची आजची संगणकीय प्रतिमाने बहुतांशी याच समीकरणांवर उभी आहेत.

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटर खोल पाण्यात तो सेकंदाला सुमारे एक मीटर भरतो. म्हणजे खाच उघडल्याची वार्ता पन्नास मीटर दूरच्या बांधापर्यंत मिनिटाभरात पोहोचू शकते. भाताच्या चुडांमुळे ती वाटेत क्षीण होते, एवढेच. वार्ता अशी लवकर पोहोचते, पाणी मात्र सावकाश निघते.

खाचेचे सूत्र

खाचेवरून मोकळेपणाने खाली पडणाऱ्या पाण्यासाठी एक सोपे सूत्र आहे. खाचेची रुंदी, तिच्या उंबरठ्यावरील पाण्याची उंची आणि त्या उंचीचे वर्गमूळ यांचा गुणाकार करून त्यास 1.7 ने गुणावे. मापे मीटरमध्ये घेतली की सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते याचा अंदाज मिळतो. उंची चौपट झाली तर प्रवाह आठपट होतो. उलट, उंची दहा सेंटिमीटरवरून एकवर आली की प्रवाह सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो.

त्या खाचराचे क्षेत्र 2,000 चौरस मीटर, खाच 20 सेंटिमीटर रुंद आणि सुरुवातीचे पाणी 10 सेंटिमीटर धरू. हे पाणी दोन लाख लिटर होते. सुरुवातीला सेकंदाला जवळजवळ 11 लिटर पाणी जाते आणि पहिले 5 सेंटिमीटर सव्वाचार तासांत उतरतात. पुढचे 4 सेंटिमीटर उतरण्यास मात्र 18 तास लागतात. एक सेंटिमीटर पाणी उरते तेव्हा खाचेतून सेकंदाला जेमतेम तिसरा हिस्सा लिटर पाणी वाहते. त्यातील निम्मे जाण्यास आणखी साडेतेरा तास लागतात. आणि सूत्रानुसार खाचर पूर्ण रिकामे कधीच होत नाही! पंधरा तासांनंतर त्याच हिशेबाने दीड-पावणेदोन सेंटिमीटर पाणी उरायला हवे. आम्ही पाहिलेले बोटभर पाणी तेच होते.

अळीला एवढे पाणी का पुरते?

सुरळीतील अळी अर्धजलचर आहे. तिच्या शरीराच्या बाजूंना कल्ले असतात आणि ती पानाच्या सुरळीत पाण्याचा पातळ थर बाळगून राहते. तिला मारण्यासाठी पाणी कमी करून भागत नाही, ते संपवावे लागते. म्हणूनच आपल्या दृष्टीने शेवटचा सेंटिमीटर सर्वांत मोलाचा ठरतो.

उपाय त्याच सूत्रात आहे. खाच दुप्पट रुंद केली तर वेळ निम्मा होतो. पण उथळ पाण्याची मंदगती कायम राहते. खाचेचा उंबरठा खाचराच्या तळापेक्षा 5 सेंटिमीटर खाली घेतला, तर तीच 20 सेंटिमीटरची खाच हिशेबाने सव्वासहा तासांत सारे पाणी काढू शकते. प्रत्यक्षात चुडे, ढेकळे आणि उंचसखल जमीन पाण्याला अडवतात, म्हणून वेळ अधिक लागतो. पातळ थराला हा अडथळा फार जाणवतो. यासाठी खाचरात खाचेकडे उतरणारे उथळ चर हवेत. ते चिखलणीच्या वेळीच आखलेले बरे.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी

• खाचेबाहेरील पाणी उंबरठ्यापेक्षा खाली आहे ना, हे आधी पाहावे. खालचे खाचर भरलेले असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. अशा ठिकाणी सर्वांत खालच्या खाचरापासून सुरुवात करावी.

• सुरळ्या तरंगत पाण्याबरोबर जातात. खाचेवर जाळी न लावता पाणी सोडणे म्हणजे आपली कीड शेजाऱ्याच्या खाचरात पाठवणे होय. जाळीवर साचलेल्या सुरळ्या वारंवार काढून नष्ट कराव्यात, अन्यथा जाळी तुंबेल आणि निचराही थांबेल.

• पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या असतील, तर ते काम निचऱ्यापूर्वी, पाणी भरपूर असताना करावे.

• नुकतेच खत किंवा कीटकनाशक दिले असल्यास ते पाणी ओढ्यात सोडू नये.

• पाणी पुन्हा मिळण्याची खात्री नसेल किंवा पीक फुलोऱ्यात असेल, तर निचऱ्याचा निर्णय तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

त्या शेतकऱ्याने नंतर खाच खोल केली आणि कुदळीने दोन चर ओढले. पुढच्या भेटीत खाचराचा तळ उघडा होता. तेव्हापासून माझ्या घडीपत्रिकेत ‘पाणी काढून टाकावे’ या वाक्यापुढे आणखी एक वाक्य असते : खाच तळापेक्षा चार बोटे खोल असावी आणि तिच्यावर जाळी असावी.