लेखांक ६ : घरचं फेशियल, जड पाणी आणि वांग

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खेळतं आहे. त्यावर ऊस आला, शिवनगरला माळेगाव सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच पाण्याने जमिनीतलं मीठही वर आणलं. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच लिहून ठेवलं आहे. रान चोपण झालं की घरात चर्चा होते. पण तेच क्षार विहिरीच्या नि बोअरच्या पाण्यातून न्हाणीघरात येतात आणि रोज चेहऱ्यावर बसतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून घरच्या फेशियलची सुरुवात मी पाण्यापासून करते.

जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, मग आपण साबण आणखी घासतो. पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो कातडीवरच राहतो. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आंबट. अंगाच्या साबणाचा ९ ते १०. वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यं जड पाणी आणि साबण या दोन्हींच्या मधे सापडून धुऊन जातात. चेहरा ओढल्यासारखा, करकरीत लागतो, त्याला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो. खरं तर ती त्वचा उघडी पडलेली असते. चेहऱ्यासाठी सौम्य, बिनफेसाचं फेसवॉश घ्यावं, नाहीतर नुसतं पाणी. शेवटचा तांब्या मात्र प्यायच्या, जारच्या पाण्याचा. एवढ्याशा बदलाने अनेकींची खाज थांबते.

आता फेशियल. ते संध्याकाळी करावं, सकाळी करून उन्हात जाऊ नये. चेहरा धुऊन ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे चार थेंब घेऊन हलक्या बोटांनी पाच मिनिटं मालिश करायची. ज्यांना मुरमं येतात त्यांनी तेल टाळावं, खोबरेलाने ती वाढतात. वाफ घ्यायची तर दोन-तीन मिनिटं पुरे, आणि चेहरा पातेल्यापासून हातभर लांब. वाफेने रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात असं पार्लरमध्ये सांगतात. रंध्रांना मिटायला स्नायूच नसतात. वाफेने आतला तेलकटपणा मऊ होतो, एवढंच. वांग असेल तर वाफ नकोच, कारण उष्णतेनेही तो गडद होतो.

मग लेप. कोरड्या त्वचेला बेसन आणि साय, तेलकट त्वचेला मुलतानी माती. लेप ओलसर असतानाच धुवावा. तो वाळून तडकेपर्यंत थांबलं की त्वचेतलं पाणीही ओढून निघतं. काढताना चोळून वळ्या पाडू नयेत, पाणी लावून भिजवावा. हळद चिमूटभरच, आणि घरी दळलेली. काहींना तिचीही पुरळ उठते. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. शेवटी ओल्या चेहऱ्यावर पाणी मिसळलेलं ग्लिसरीन किंवा साधं मॉइश्चरायझर. हे महिन्यातून दोनदा केलं तरी पुष्कळ झालं, कारण वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो.

साखरेच्या गावात साखर-लिंबाचा स्क्रब लोकप्रिय व्हावा यात नवल नाही. तरी तो मी आग्रहाने बंद करायला सांगते. साखरेच्या दाण्याला धारदार कडा असतात. लिंबाच्या रसाचा सामू २च्या आसपास असतो, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा अक्षरशः भाजतात. लिंबू चोळून सकाळी रानात गेलेल्या बाईच्या गालावर काळे पट्टे उठतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. खायचा सोडा, टूथपेस्ट हेही चेहऱ्याला लावू नये. उसात ग्लायकोलिक आम्ल असतं हे खरं आहे, आणि डॉक्टर त्वचा सोलण्यासाठी ते आम्ल वापरतात हेही खरं. पण रसातलं प्रमाण अगदी थोडं असतं. रस चोळून चेहरा चिकट होईल, दुसरं काही नाही.

एवढं सगळं करून वांग जात नाही, आणि इथेच खरा घोटाळा सुरू होतो. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, घराण्यातला कल आणि ऊन यांनी गालांवर, कपाळावर वांग येतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि बेसनाने तो जाणारही नाही. मग ‘आठ दिवसांत गोरेपण’ देणारी डबी येते. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी असं क्रीम वापरत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा निघाला; ही बातमी जानेवारी २०२३ मधली. पारा त्वचेतला रंग बनवणारं विकर अडवतो, म्हणून चेहरा लवकर उजळतो, आणि त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठतो. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर पाऱ्याचं प्रमाण दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक नि बॅच क्रमांक नाही, ती घरात आणू नये.

दुसरी वस्तू मेडिकलमधली ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती सर्रास मिळतात. आधी चेहरा नितळ होतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं नि लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते.

वांगावरचा रोजचा इलाज ऊन अडवणं हाच. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं, शक्यतो किंचित रंगीत सनस्क्रीन घ्यावं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं ते चेहऱ्याला नि मानेला लागतं, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. खुरपायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला ते परवडणारं नाही हे मला ठाऊक आहे. पाचटापासून वाचायला ती साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्या-तोंडाला कापड गुंडाळते, तेच कापड जाड नि गडद रंगाचं घेतलं तर उन्हापासून बराच बचाव होतो. त्याला रुंद काठाच्या टोपीची जोड मिळाली तर उत्तमच. कारखान्यांनी तोडणीच्या टोळ्यांना कोयत्याबरोबर अशा टोप्या द्यायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

महिनोन्‌महिने स्टेरॉइडची ट्यूब लावली असेल, तर ती एकदम बंद करू नका. ट्यूब नि डबी दोन्ही सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोरेपणाचं क्रीम लावताना पायावर सूज आली किंवा लघवीला सारखा फेस येऊ लागला, तर ते क्रीम त्याच दिवशी थांबवा आणि लघवी तपासून घ्या.

पुढच्या आठवड्यात : टाचांच्या भेगा आणि चिखलात राबणारे पाय.